टोचन

‘टोचन’ हा शब्द मराठी माणसास शिकवावा लागत नाही. बंद पडलेली मोटार दुसऱ्या गाडीस बांधून ओढत नेली, की ती टोचन करून नेली असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीतील ‘टो’ आणि ‘चेन’ हे दोन शब्द एकत्र नांदू लागून हा देशी शब्द तयार झाला असावा, हे त्याच्या चेहऱ्यावरूनच ध्यानी येते. परंतु काही वर्षांपूर्वी पंजाबातील खरड या गावी हा शब्द प्रथम कानी पडला, तेव्हा त्याचा अर्थ आम्हांस उमगला नाही. ट्रॅक्टरदुरुस्तीच्या एका दुकानात दोन तरुण वृद्ध मिस्त्रीची मनधरणी करीत होते. त्यांना रविवारच्या टोचनाकरिता आपल्या ट्रॅक्टरची क्लचप्लेट ‘भारी’ करून हवी होती. बंद पडलेले वाहन ओढण्यासाठी इतकी पूर्वतयारी कशासाठी, असा प्रश्न आम्हांस पडला. पुढे कळले, की येथे टोचन म्हणजे शर्यत. दोन ट्रॅक्टर पाठीस पाठ लावून उभे करावयाचे, मध्ये लोखंडी दांडी वा साखळी बांधावयाची आणि खूण होताच ज्याने त्याने आपापल्या दिशेने ओढावयाचे. जो दुसऱ्यास रेषेपलीकडे फरफटत नेईल तो जिंकला.

खरड हे नाव ऐकून मराठी वाचकांच्या ओठांवर हसू येईल हे आम्ही जाणतो. कारकुनाने राहावे तर खरड गावीच, हा विनोद आमच्या आप्तेष्टांनी पुष्कळदा केलेला आहे. परंतु गाव जुने आहे. रामाचा आजा जो अज राजा, त्याच्या नावाने ओळखले जाणारे अज सरोवर येथे आहे. ज्या भूमीवर पुढे चंदिगड वसले ती भूमी अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीतील होती. म्हणजे हे नवे शहर या जुन्या गावाच्या अंगणात वाढले. येथून थोड्याच अंतरावर छप्पड चिडी आहे. 1708 साली नांदेड येथे गुरू गोविंदसिंगांची भेट होऊन जो उत्तरेकडे निघाला, त्या बंदासिंग बहादुराने 1710 साली सरहिंदचा फौजदार वजीरखान यास याच छप्पड चिडीच्या मैदानावर पराभूत केले. गोदाकाठी आरंभ झालेल्या प्रवासाचा असा शेवट येथे झाला, ही गोष्ट येथील मराठी माणसास आपलेपणाची वाटते. आज त्याच छप्पड चिडीस ‘स्वराज’ ट्रॅक्टरचा एक कारखाना आहे. तेव्हा आमच्या विषयासाठी याहून योग्य गाव शोधूनही सापडले नसते.

विषय दिसतो क्षुल्लक; पण ओढण्याच्या शर्यतीचा इतिहास हा माणसाने शक्तीचे मोजमाप कसे केले याचा इतिहास आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट याने आपल्या वाफेच्या यंत्राची योग्यता गिऱ्हाइकांस पटवून देण्यासाठी घोड्याचा आधार घेतला. एक घोडा एका मिनिटात 33,000 फूट-पौंड इतके काम करतो असे त्याने ठरविले आणि ‘अश्वशक्ती’ हे परिमाण रूढ झाले. यंत्राने घोड्यास हुसकावून लावले, परंतु आपली ओळख मात्र घोड्याच्याच नावाने सांगितली. दीडशे वर्षे लोटली, तरी पैजेची भाषा तीच राहिली : तुझा किती ओढतो, माझा किती ओढतो.

ही पैज अमेरिकेतील शेतकऱ्यांत प्रथम घोड्यांवर लागत असे. पुढे ट्रॅक्टर आले आणि त्यांच्याबरोबर जाहिरातीही आल्या. कागदावर वीस अश्वशक्ती, शेतात दहासुद्धा नाही, असा अनुभव येऊ लागला. नेब्रास्का राज्यातील विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी अशा यंत्रांनी गांजला होता. तो विधिमंडळात निवडून गेला आणि 1919 साली त्या राज्याने ट्रॅक्टरचाचणीचा कायदा केला. विद्यापीठात ओढ मोजून घेतल्यावाचून त्या राज्यात ट्रॅक्टर विकता येईनासा झाला. 1920 पासून तेथे सुरू झालेल्या चाचण्यांनी खोट्या दाव्यांचे पितळ उघडे पाडले. आपल्या देशातही मध्य प्रदेशातील बुदनी येथे 1955 साली स्थापन झालेली सरकारी संस्था ट्रॅक्टरची अशीच परीक्षा घेते. ट्रॅक्टरच्या मागील दांडीवर मिळणारी ओढ हीच त्याची खरी शक्ती, हे या चाचण्यांचे सूत्र होय.

शास्त्रीय चाचणी झाली म्हणून पैजेची हौस भागत नाही. यांत्रिक ओढीच्या ज्या पहिल्या शर्यतींची नोंद सापडते त्या 1929 सालच्या आहेत. त्या मिसुरी राज्यात बोलिंग ग्रीन येथे आणि ओहायो राज्यात व्हॉन्सव्हिल येथे झाल्या. त्या काळी जड ओझ्याची घसरगाडी ट्रॅक्टरला जोडत. वाटेवर ठरावीक अंतरावर माणसे उभी राहत आणि गाडी जवळ येताच एकेक जण तिच्यावर चढे. असे ओझे वाढत जाऊन अखेर ट्रॅक्टर जागीच थबके. पुढे घसरगाडीवरील वजनाची पेटी साखळीने आपोआप पुढे सरकणारी करण्यात आली. गाडी जसजशी चालेल तसतसा भार पुढील पट्टीवर येऊन ती जमिनीत रुतते. तीनशे फूट म्हणजे सुमारे 91 मीटर ओढून नेले की ओढ ‘पुरी’ झाली असे मानतात. 1969 साली तेथे ट्रॅक्टर ओढणाऱ्यांचा राष्ट्रीय संघ स्थापन होऊन नियम एकसारखे झाले. त्यानंतरच्या दशकात चारही चाकांना शक्ती पोहोचविणारे मालवाहू ट्रक या खेळात उतरले. 1989 पासून डॉज कंपनीच्या पिकअप गाड्यांत कमिन्सचे डिझेल इंजिन येऊ लागल्यावर डिझेल पिकअपचा निराळा वर्ग पुढे उभा राहिला. बाजारहाट करणारी गाडीच रविवारी मैदानात उतरू लागली आणि तिच्या क्लचचा प्रश्न उत्पन्न झाला.

आता पंजाबकडे वळू. लुधियान्याजवळील किला रायपूर येथे 1933 पासून ग्रामीण खेळांचा मेळा भरू लागला. बैलगाड्यांची शर्यत हे त्याचे सर्वांत मोठे आकर्षण होते. आमच्या महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत आणि विदर्भात शंकरपट यांना जो मान, तोच येथे या शर्यतीला. परंतु 1966 साली पंजाबची पुनर्रचना झाली त्या सुमारासच नव्या जातीचा गहू, कालवे, नलिका-विहिरी आणि खते यांनी शेतीचे स्वरूप पालटू लागले आणि बैलाची जागा यंत्राकडे जाऊ लागली. 1959 साली फरिदाबाद येथे आयशर कंपनीने ट्रॅक्टर बनविण्यास प्रारंभ केला होता. 1971 साली चंदिगडपासून जवळच पिंजोर येथे एचएमटी या सरकारी कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटर ट्रॅक्टरच्या धर्तीवर उत्पादन सुरू केले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत संपूर्णतः देशी अशा एका ट्रॅक्टरचा आराखडा तयार झाला होता. तो प्रत्यक्षात आणण्यासाठी 1970 साली पंजाब ट्रॅक्टर्स ही कंपनी निघाली. 1974 साली मोहालीतून जो ट्रॅक्टर बाहेर पडला त्याचे नाव ‘स्वराज’. लोकमान्यांच्या मुलखातून आलेल्या माणसास हे नाव लोखंडावर कोरलेले पाहून काय वाटते, ते सांगावयास नको. हा ‘स्वराज’ 2007 साली मुंबईच्या महिंद्र कंपनीकडे गेला. पिंजोरचा ट्रॅक्टर-कारखाना बंद करण्याचा निर्णय 2016 साली झाला.

कारखाना बंद झाला तरी पिंजोरचा ‘5911’ हा ट्रॅक्टर पंजाबच्या मनातून गेला नाही. गायक सिद्धू मूसेवाला याने आपल्या ध्वनिमुद्रण संस्थेला हाच आकडा नाव म्हणून दिला आणि 2022 साली त्याची हत्या झाली तेव्हा त्याची अंत्ययात्रा याच जातीच्या ट्रॅक्टरवरून निघाली. ज्या प्रांतात यंत्राशी असे नाते जडते तेथे बैलांच्या शर्यतीच्या जागी ट्रॅक्टरचे टोचन आले यात नवल नाही. मेळ्यांतून त्याला गर्दी लोटू लागली. बक्षिसाला रोकड, मोटारसायकल, क्वचित नवा ट्रॅक्टरच ठेवण्यात येऊ लागला. मग जिंकण्यासाठी यंत्र ‘भारी’ करण्याची विद्या वाढीस लागली आणि तिची दुकाने खरडसारख्या गावांच्या रस्त्यांवर दिसू लागली.

ही विद्या समजण्यासाठी क्लच म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. इंजिन फिरत असते आणि चाके उभी असतात. या दोहोंचा सांधा एकदम जोडला तर इंजिन बंद पडेल किंवा गिअरचे दात तुटतील. म्हणून मध्ये एक असा सांधा ठेवतात, जो आधी थोडा घसरतो आणि मग घट्ट धरतो. 1890 नंतरच्या दशकात पॅनहार्ड आणि लव्हासॉर या फ्रेंच मंडळींनी पुढे इंजिन, त्यामागे क्लच, त्यामागे गिअरपेटी अशी मोटारीची जी मांडणी रूढ केली, ती पुढे जगभर चालली. आरंभीच्या क्लचमध्ये शंकूच्या आकाराच्या भागावर चामडे बसवीत. इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड याने 1897 साली घर्षणाचे पट्टे करण्याचा उद्योग आरंभिला, तोच पुढे ‘फेरोडो’ म्हणून प्रसिद्ध झाला. उतारावर घोडागाडी आवरण्यासाठी गाडीवान चाकाखाली जुने बूट दाबीत, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली अशी आख्यायिका सांगतात. चामडे, कापूस, ॲस्बेस्टॉस, मग ॲस्बेस्टॉस आरोग्यास घातक ठरल्यावर निराळे तंतू, आणि आता तांबे व चिनी मातीसारखे कठीण द्रव्य भट्टीत भाजून केलेल्या टिकल्या, अशी या पट्ट्याची वंशावळ आहे.

क्लचप्लेट ही एक पातळ चकती. तिच्या दोन्ही अंगांस हा घर्षणपट्टा असतो. इंजिनाचे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, एका बाजूस आणि स्प्रिंगांनी दाबणारी जाड तबकडी दुसऱ्या बाजूस. या दोहोंच्या कचाट्यात ही चकती धरली जाते. तिची धरण्याची ताकद चार गोष्टींवर अवलंबून असते : स्प्रिंगांचा दाब, पट्ट्याचे घर्षण, चकतीची त्रिज्या आणि घासणाऱ्या अंगांची संख्या. या चौघांचा गुणाकार म्हणजे क्लचची ताकद. हिशेब करून पाहू. 55 अश्वशक्तीचे इंजिन मिनिटास 2,000 फेरे घेत असेल, तर त्याचा पीळ सुमारे 20 किलोग्रॅम-मीटर भरतो. बारा इंची चकतीची सरासरी त्रिज्या 12 सेंटिमीटर, घर्षणांक 0.3 आणि अंगे दोन धरली, तर हा पीळ न घसरता पेलण्यास सुमारे 280 किलोंचा दाब हवा. कारखानदार हिशेबापेक्षा बराच अधिक, म्हणजे दीडपट वा दुप्पट दाब ठेवतो. पट्टा झिजतो, तापतो, शेतकरी ओझे अधिक लादतो, हे तो जाणून असतो. आता हौशी माणसाने डिझेलचा पंप वाढवून व टर्बो बसवून इंजिनाचा पीळ दुप्पट केला, तर दाब 560 किलो लागेल. कारखानदाराने राखून ठेवलेली सारी शिल्लक तेथेच संपली. क्लच घसरू लागतो, पट्टा जळतो आणि मैदानावर तो उग्र, कडवट वास पसरतो. हा वास ज्याला आला तो हरला, हे प्रेक्षकांतील पोरेही जाणतात.

म्हणून क्लच भारी करावयाचा. त्याचे मार्गही चारच. स्प्रिंगा कडक केल्या तर धरण वाढते. पण पायाखालचा दांडा दाबणे कठीण होते आणि तो दाब इंजिनाच्या मुख्य आसाच्या बेअरिंगवर पडतो. भाजलेल्या टिकल्यांची चकती घातली तर ती जळत नाही. पण ती हळुवार धरीत नाही, झडप घालते. चकती मोठी करावी तर पेटीत जागा नसते. उरला चौथा मार्ग, एका चकतीऐवजी दोन वा तीन घालणे. डिझेल पिकअपवाले अमेरिकेत बहुधा हाच मार्ग धरतात. त्यात दाब फार न वाढविता घासणाऱ्या अंगांची संख्या दुप्पट, तिप्पट होते. खर्च अर्थातच अधिक.

वर सांगितलेल्या त्या मिस्त्रीने मात्र त्या तरुणांस या चारांपैकी काहीच सांगितले नाही. त्याने फळीवरून एक जळून काळी पडलेली चकती काढली आणि म्हणाला, “बेटा, ही घसरली म्हणून बाकीचे वाचले. हिला घसरू दिले नाहीस, तर पुढे काय घसरेल याचा विचार करून ठेव.” मग आमच्याकडे वळून तो म्हणाला, “बाऊजी, यांना वाटते क्लच दुबळा आहे. क्लच दुबळा नसतो, समजूतदार असतो.” तरुण हसले. काम दुसऱ्या दुकानात झाले असावे. कारण पुढच्या रविवारी जवळच्या एका गावी आम्ही त्यांना मैदानात पाहिले.

भात कापून झाले होते, गव्हाची पेरणी तोंडावर आली होती. मोकळ्या शेतात दोन ट्रॅक्टर पाठमोरे उभे होते. पकड वाढावी म्हणून मागील टायरांत पाणी भरलेले होते. खूण झाली, दोन्ही धुराड्यांतून काळे लोट उठले. यंत्रशास्त्र असे सांगते, की अशा वेळी पुढील तीनांपैकी एक गोष्ट घडावी : चाक जागच्या जागी फिरावे, क्लच घसरावा किंवा इंजिन बंद पडावे. तिन्ही वाटा बुजविल्या, तर शक्तीला चौथी वाट उरते. मागची चाके हलत नाहीत म्हणून यंत्राचे धड त्या आसाभोवती फिरू लागते, पुढील चाके उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो. याला दीड-दोन सेकंद पुरतात. चालकास काय होत आहे ते कळावे, त्याने पाय हलवावा, एवढाही अवकाश मिळत नाही. त्या दिवशी आम्ही पुढील चाके हातभर उचलली गेलेली पाहिली. गर्दीने आरोळी ठोकली. तेवढ्यात कडकन आवाज झाला आणि ट्रॅक्टर धपकन खाली आला. मागील गिअरांतील काही तुटले होते. भारी क्लच घसरला नव्हता. त्याने आपल्यावरचा आघात पुढे ढकलला होता. तरुण सुखरूप होता, पण त्याचा चेहरा उतरला होता. तो ट्रॅक्टर हौसेचा नव्हता, घरचा एकमेव होता. आणि पेरणी आठ दिवसांवर होती. ट्रॅक्टर ओढत नेला तेव्हा ‘टोचन’ शब्दाचा आपला मराठी अर्थ आम्हांस प्रथमच दुःखद वाटला.

येथे अमेरिकेचा इतिहास पुन्हा आठवावा लागतो. तेथेही आरंभी यंत्रे फुटली. फ्लायव्हीलमधील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की फुटणाऱ्या तुकड्याची मारकशक्ती चौपट होते. त्यातून तेथे नियम जन्मले. क्लचभोवती पोलादी कवच हवे. शक्तिशाली वर्गांत ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील चालत नाही. ट्रॅक्टरच्या मागील बाजूस एक खटका असतो, त्याची दोरी घसरगाडीस बांधलेली असते आणि जोड तुटली की इंजिन आपोआप थांबते. आमच्या मते त्याहूनही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की तेथील सर्वांत बलाढ्य यंत्रांत जो क्लच वापरतात तो मुद्दाम घसरणारा असतो. वेग वाढेल तसतशी त्यातील छोटी वजने केंद्रापासून दूर जाऊन दाब वाढवितात. आरंभी तो घसरतो, मागाहून घट्ट धरतो. म्हणजे पन्नास वर्षांच्या खेळानंतर तेथील तज्ज्ञ ज्या निष्कर्षाला आले, तो खरडच्या मिस्त्रीने एका वाक्यात सांगितला होता. बळकट सांधा तो नव्हे जो कधीच सैल होत नाही. बळकट तो, ज्याला केव्हा सैल व्हावे हे कळते.

आपल्याकडील इतिहास निराळ्या वाटेने गेला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींना मनाई केली, कारण त्यांत मुक्या प्राण्याचा छळ होतो. महाराष्ट्राने 2017 साली कायदा दुरुस्त केला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना सशर्त वाट मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. पंजाब विधानसभेनेही त्या दिशेने 2019 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये विधेयके मंजूर केली. या नऊ वर्षांच्या वादात एक गोष्ट चांगली झाली. बैल शर्यतीत उतरावयाचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, पशुवैद्याने त्याला तपासले पाहिजे, त्याला काठीने वा चाबकाने मारता कामा नये, हे लेखी ठरले. ट्रॅक्टरवर बसणाऱ्या माणसाच्या वाट्यास मात्र अशी काळजी आली नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये गुरदासपूर जिल्ह्यातील एका मेळ्यात ट्रॅक्टरवर कसरत करणारा एकोणतीस वर्षांचा तरुण चाकाखाली सापडून मरण पावला. हा तोच जिल्हा, ज्यातील घुमान गावी नामदेवांची स्मृती आहे आणि जेथे 2015 साली मराठी साहित्य संमेलन भरले. त्या मृत्यूनंतर दोन-तीन दिवसांतच पंजाब सरकारने ट्रॅक्टर व तत्सम अवजारांच्या धोकादायक कसरतींवर बंदी घातली.

कसरत निराळी आणि टोचन निराळे, असे या खेळाचे चाहते म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. कसरतीत चालक यंत्रावरून उतरतो; टोचनात तो आपल्या जागी असतो. शिवाय टोचनात खरी विद्या आहे. भार, पकड, पीळ आणि घर्षण यांचा जो हिशेब आम्ही वर कागदावर मांडला, तो ही मुले शाळेत न जाता हाताने मांडतात. ती विद्या बंदीने मरेल, किंवा आडरानात लपून चालेल. आणि लपून चालणाऱ्या खेळात कवच, खटका वा तपासणी यांची अपेक्षा कोणी करावी? बैलाच्या बाबतीत आपण अखेर बंदीकडून नियमाकडे आलो. माणसाच्या बाबतीत तोच रस्ता धरण्यास हरकत कोणती? ट्रॅक्टर मागे उलटला तरी चालक वाचेल अशी बसण्याच्या जागेवरील पोलादी चौकट, क्लचभोवती कवच, जोड सुटताच इंजिन थांबविणारा खटका, दांडी बांधण्याची ठरलेली उंची आणि प्रेक्षकांचे अंतर, या पाच गोष्टींत अशक्य असे काही नाही. त्या तपासण्यास लागणारे कुशल हात मोहालीपासून बुदनीपर्यंत आहेतच.

हा प्रश्न केवळ पंजाबचा नाही. कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या हंगामात दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पुढची चाके अधांतरी ठेवून चढ चढताना आमच्या वाचकांनी पाहिले असतील. तेथे शर्यत नसते, बक्षीस नसते, पण शक्तीचा हिशेब तोच. तेथेही क्लच जळतो, मालक चिडतो आणि मिस्त्रीला सांगतो, “भारी टाक.” शर्यतीचे मैदान रविवारी भरते, हे मैदान हंगामभर, रात्रंदिवस, रहदारीच्या रस्त्यावर भरलेले असते.

बैल जुंपला असता तो दमला की थांबे, गुडघे टेकी. मालकाने कितीही मारले तरी एका मर्यादेपलीकडे तो ओढीत नसे. ती मर्यादा त्याच्या देहात होती आणि तिच्यामुळे बैलाचे, गाडीचे आणि गाडीवानाचे रक्षण होई. यंत्रात ती मर्यादा कोणीतरी घालून ठेवावी लागते. क्लचच्या त्या घसरणाऱ्या चकतीत ती घालून ठेवलेली आहे. क्लच जरूर सुधारावा; दोन चकत्यांचा करावा, चांगल्या पट्ट्याचा करावा. परंतु तो सुधारताना त्याच्या पुढील गिअर, आस, चौकट आणि अखेर वर बसलेला माणूस, यांचाही हिशेब त्याच कागदावर मांडावा. तेवढा कागद खरडण्यास फार वेळ लागत नाही.

त्या मिस्त्रीच्या दुकानावरून आम्ही आजही जातो. फळीवर ती काळी चकती अद्याप आहे. नवे गिऱ्हाईक आले आणि ‘भारी’ हा शब्द त्याने उच्चारला, की म्हातारा ती खाली काढतो.